उद्यमबागेत सॉफ्टवेअर फुकट सगळे वापरालेत, पैसे म्हटलं की गप्प. काय करू?

वडगावकर_८९

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहालोय, पण वाचा आणि खरं काय ते तोंडावर सांगा. "मस्त आहे, करत रहा" हे घरचे आणि मित्र म्हणालेतच, त्यानं पोट भरत नाही.

मी बेळगावच्या वडगावचा, मेकॅनिकल करून पुण्याला गेलो आणि बाकीच्यांसारखा आयटीत घुसलो. गेल्या वर्षी नोकरी सोडून घरी आलो. मामांचं उद्यमबागेत मशीन शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि एक म्हातारं लेथ. तिथं नुसतं बसून असताना लक्षात आलं की सगळा घोळ चलनाचा, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या कागदाचा आहे. फौंड्रीतनं कास्टिंग (ओतीव भाग) येतं, मामांकडं टर्निंग होतं, ड्रिलिंग-टॅपिंगला शेजारच्या शेडमध्ये जातं, तिथनं प्लेटिंगला (मुलामा द्यायला) मच्छेला, परत आलं की इन्स्पेक्शन, त्यात काही नगांना ब्लो होल (ओतकामात राहिलेली पोकळी) निघाला की ते फौंड्रीला माघारी, आणि ह्या सगळ्याचा हिशोब एका कार्बनच्या चलन बुकात. महिनाअखेरीला कुणाकडं किती नग पडलेत ते मालकाला पण सांगता येत नाही, फोन करत बसायचं आणि समोरचा सांगेल ते लिहून घ्यायचं.

म्हणून मी ॲप केलं. चलन मोबाईलवर बनतं, समोरच्याला व्हॉट्सॲपवर पीडीएफ जातं, कुणाकडं किती शिल्लक ते एका स्क्रीनवर दिसतं. मामांच्या ओळखीनं आजूबाजूच्या आठ-नऊ शॉपवाल्यांनी घेतलं, फुकटच दिलं, म्हटलं आधी सवय लागू दे. काही जण रोज उघडतात, काही आठवड्यातनं एकदा. दसऱ्याला सगळ्यांना सांगितलं की आता महिन्याला दीड हजार, तर एक म्हणाला दिवाळी होऊ दे, एक म्हणाला आमच्या अकाउंटंटला विचारतो, एकानं तर फोनच उचलायचा बंद केला, काल तिसऱ्या रेल्वे गेटजवळ समोरासमोर आला तर मान फिरवून गेला.

आणि पैसे द्यायला गप्प असले तरी मागायला गप्प नाहीत. एकाला कामगारांची हजेरी पाहिजे, एकाला वजनकाटा जोडून पाहिजे, एकाला शिफ्टप्रमाणे प्रॉडक्शन रिपोर्ट. मी रात्र रात्र बसून करून देतोय. सर्व्हरचा आणि मेसेजचा खर्च माझ्या खिशातनं, घर बायकोच्या पगारावर चालू आहे आणि ती काही बोलत नाही म्हणून मलाच जास्त टोचतंय.

आणखी एक. माझा एक मित्र बेंगळुरात नोकरीला आहे, शनिवार-रविवार कोडिंगला मदत करतो. त्याचं म्हणणं प्रायव्हेट लिमिटेड करू, शेअर निम्मे-निम्मे, फंडिंग उचलू आणि तू पण इकडंच ये, बेळगावात बसून स्टार्टअप होत नसतं. मला काही कळेनासं झालंय. मागायची पद्धत बरोबर नाही, की किंमत जास्त, की मुळात हे कुणाला नकोच आहे?

उद्यमबाग_जुनं_खोड

तू कुणाचा भाचा ते साधारण कळलं, असो. मी तीसेक वर्षं ह्याच धुरात आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो, राग मानू नको.

तू मालकाला विचारालास, पण एंट्री कोण मारतो ते बघितलास काय? स्टोअरचं पोरगं. तुझं ॲप आलं म्हणजे त्याचं काम डबल, चलन बुक पण लिहायचं आणि मोबाईल पण बडवायचा, पगार तेवढाच. त्यात स्क्रीनवर ४० नग कमी दिसले की शिव्या त्यालाच. मग तो काय करतो, दिवसभर डायरीत लिहितो आणि शनिवारी संध्याकाळी पगाराची वाट बघत बसलेला असताना आठवड्याचं एकदम चढवतो. मालक बुधवारी उघडून बघतो तर शिल्लक भलतीच. दोनदा असं झालं की तो म्हणतो ह्यात काय राम नाही, आणि परत चलन बुक. त्या माणसाकडं तू दीड हजार मागायला गेलास तर तो काय देणार आहे गा? त्याच्या दृष्टीनं ते चालतच नाही.

आणि एकदा कुलंटमध्ये (मशीनच्या तेलकट पाण्यात) हात बुडवून मोबाईल चालवून बघ. आमचा सुपरवायझर प्यांटीला हात पुसतो तरी बोट लागत नाही, मग करंगळी तेवढी बरी असते म्हणून करंगळीनं एकेक अक्षर दाबतो. "पार्टीचं नाव टाइप करा" म्हटल्यावर तो तिथंच सोडून देतो. माझ्याकडं सुपरवायझर मराठी, स्टोअरवाला बैलहोंगलचा, त्याला कन्नड बरं पडतं, मशीनवरची दोन पोरं ओडिशाची. तू स्क्रीन इंग्लिशमध्ये ठेवला असशील, बरोबर? पार्टनं फोटो लाव, नग टाकायला मोठे आकडे दे, पार्टी नेहमीच्या पाच-सहाच असतात, त्यांची बटणं कर. एवढं कर आणि बाकी हजेरी-बिजेरी सगळं काढून टाक. (पार्टचे फोटो म्हणालो, चुकून टाइप झालं, मी पण करंगळीवालाच.)

आता पैशाचं. मला दुखतं कुठं सांगतो. मार्चला पार्टी हिशोब काढते आणि म्हणते, तुमच्याकडं आमचे १२० कास्टिंग शिल्लक आहेत, दाखवा. मी म्हणतो दिलेत, ते म्हणतात चलन दाखवा, चलन उंदरानं खाल्लेलं असतं. एक कास्टिंग साडेतीनशेचं धर, ४२ हजाराची डेबिट नोट माझ्या बिलातनं कापली जाते आणि मी काही करू शकत नाही कारण पुढचं काम पण त्यांच्याकडनंच यायचंय. तुझं वर्षाचं होतं १८ हजार. हे तू मला कधी सांगितलास काय? तू सांगतोस डिजिटल, क्लाउड, डॅशबोर्ड. ते माझ्या पोराला सांग.

आणि महिन्याला मागू नको वो. आम्हाला आमचं पेमेंट ९० दिवसांनी येतं, तुझं दर महिन्याला बिल आलं की "आला परत" असं होतं. मशीनची एएमसी (देखभालीचे पैसे) वर्षाची देतो, तसं वर्षाचं माग, आधी माग. जो आधी देईल तो पोराला दम देऊन एंट्री पण करून घेईल, कारण त्याचे पैसे अडकलेत.

टिळकवाडी_सीए

काकांशी मी सहमत आहे, पण एक मोठी गोष्ट सुटली. "अकाउंटंटला विचारतो" हे नेहमीच टोलवाटोलवीचं उत्तर नसतं. लहान शॉपमध्ये कुठलं सॉफ्टवेअर राहणार आणि कुठलं जाणार हे बऱ्याचदा अकाउंटंटच ठरवतो, आणि तुम्ही त्याच्यासाठी काहीच केलेलं दिसत नाही.

जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या शॉपकडं कामासाठी पाठवलेला माल जीएसटी कायद्याप्रमाणे एक वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा जॉबवर्करकडनंच पुढं विकला जावा लागतो. तसं झालं नाही तर ज्या दिवशी माल बाहेर गेला त्याच दिवशी तो विकला असं धरतात आणि टॅक्स व्याजासकट भरावा लागतो. साचे, डाय, जिग-फिक्चर, टूल्स ह्यांना ती मुदत नाही, पण कास्टिंगला आहे. शिवाय किती माल गेला, किती आला ह्याचं आयटीसी-०४ (जीएसटीचा फॉर्म) भरायचं असतं, उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, खाली असेल तर वर्षातनं एकदा. एप्रिलमध्ये माझ्या ऑफिसात काय होतं माहितीये, चलन बुकांचे गठ्ठे येतात, पानांना तेलाचे डाग, दोन पानं चिकटलेली, नगाचा आकडा ३ की ८ ते कळत नाही, आणि आमची आर्टिकलची (सीए शिकणारी) मुलं ते एक्सेलमध्ये उतरवत बसतात.

आता मुद्दा. हे भरायची जबाबदारी कुणाची? जॉबवर्करची नाही. माल ज्याचा आहे त्याची. म्हणजे तुमच्या मामांकडं काम पाठवणारी जी पार्टी आहे तिची. तुम्ही साखळीच्या ज्या टोकाला विकताय तिथं कायद्याचा धाक नाही आणि खिशात पैसे पण नाहीत. वरच्या टोकाला, व्हॉल्व्ह, पंप, हायड्रॉलिकवाल्यांकडं जा, ज्यांचा माल वीस-पंचवीस ठिकाणी फिरतोय. त्यांना आयटीसी-०४ चा तक्ता एका बटणावर निघाला पाहिजे आणि कुठला लॉट ११ महिन्यांचा झालाय ते लाल दिसलं पाहिजे. त्यांनी घेतलं की खालच्या सगळ्या शॉपना तेच सांगतील, ह्याच ॲपवर चलन पाठवा. मामांसारख्यांना फुकटच ठेवा मग, काही बिघडत नाही.

पण वजनाचा हिशोब धरलाय का? कास्टिंग १०० किलो गेलं आणि मशीनिंग होऊन ८२ किलो आलं, तर मधला बुरा कुणाचा आणि कुणी विकला हे पण दाखवावं लागतं. नुसते नग मोजून भागणार नाही.

तुमच्या स्वतःच्या कागदांचं थोडक्यात. सेवा देताय, उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही, कोल्हापूरला किंवा गोव्याला विकलं तरी. मोठ्या पार्टीला इनपुट क्रेडिट (तुम्हाला दिलेल्या टॅक्सची वजावट) पाहिजे असतं म्हणून ती नंबर मागेल, तेव्हा घ्या. पण एकदा घेतला की बिल फाडलं की १८ टक्के तुमच्यावर लागले, पार्टीनं पैसे देवोत न देवोत. उधारीवर बिलं फाडणारी नवी पोरं इथंच अडकतात, न मिळालेल्या पैशावर टॅक्स खिशातनं भरतात. म्हणून काका म्हणतात तसं ॲडव्हान्स.

उद्यम नोंदणी आजच करा, फुकट आहे, ऑनलाइन होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत द्यायचं हे २००६ च्या कायद्यात आहेच, पण आता आयकरात तसा नियम आल्यापासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या पार्टीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मार्चमध्ये मोठ्या पार्टीचे अकाउंटंट स्वतः फोन करून उद्यम नंबर मागतात, हे काही वर्षांपूर्वी स्वप्नात पण नव्हतं.

प्रायव्हेट लिमिटेडची घाई नको. विक्री शून्य असली तरी ऑडिट लागतं, आणि वार्षिक फॉर्मला उशीर झाला तर एकेका फॉर्ममागं दिवसाला १०० रुपये, त्याला मर्यादा नाही.

खडेबाजार_९

एवढं सगळं करण्यापेक्षा पुण्याची नोकरी काय वाईट होती? महिन्याच्या एक तारखेला पगार, ना उंदीर ना डेबिट नोट.

उद्यमबाग_जुनं_खोड

@खडेबाजार_९ सगळेच पुण्याला गेले तर इथं लेथ काय तू चालवणार आहेस काय?

निपाणी_बेंगळूर

भावा मी बेंगळुरात दोन स्टार्टअपमध्ये काम केलंय, एक बंद पडला, एक चाललाय. फंडिंगबद्दल इकडं एक गैरसमज असतोय की चांगली आयडिया असली की पैसे मिळतात. तसं नसतंय. फंडवाल्यांनी पण कुणाकडनं तरी पैसे आणलेले असतात आणि ते साधारण दहा वर्षांत कित्येक पट करून परत द्यायचे असतात. त्यांच्या वीस-तीस कंपन्यांतल्या बऱ्याच बुडणार हे त्यांना माहितीच असतं, म्हणून ते फक्त अशीच कंपनी बघतात जी एकटी सगळा फंड वर काढेल. तुझा धंदा वर्षाला ५० लाख-कोटी कमावणारा झाला तर तुझ्यासाठी झकास आहे, बेळगावात घर, गाडी, चार पोरांना नोकरी, पण त्यांच्यासाठी तो फेलच. मग ते तुला ढकलत राहणार, पोरं भरती कर, दहा शहरांत जा, पैसे जाळ. त्यांचं पण खोटं नाही, खेळच तसा आहे. तुला तो खेळायचाय काय ते आधी ठरव. झोहो १९९६ पासून, झिरोधा २०१० पासून, दोघांनी बाहेरचं भांडवल न घेता उभं केलं, त्यामुळं फंडिंग नाही म्हणजे स्टार्टअप नाही हे कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठव.

सीए ताईंनी सांगितलं ना टोक बदल म्हणून, त्यावरनं आठवलं. रेडबस २००६ ला सुरू झालं तेव्हा त्या पोरांनी बस ऑपरेटरांना सॉफ्टवेअर दाखवलं होतं, तुझ्यासारखंच, ऑपरेटरांना ते नकोच होतं. मग ते म्हणाले सॉफ्टवेअर राहू दे, तुमच्या थोड्या सीटा द्या, आम्ही विकून दाखवतो. गिऱ्हाईक यायला लागलं तसं ऑपरेटर आपोआप ओढले गेले आणि सॉफ्टवेअर मागनं शिरलं. २०१३ मध्ये ती कंपनी विकली गेली. आणि टॅली, जी तुझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडं आहे, ती पण १९८६ च्या सुमारास वडलांच्या स्वतःच्या धंद्याचा हिशोब बसेना म्हणून पोरानं लिहायला घेतली. तू पण मामांच्या शेडमध्येच बसून केलास, ते काय कमी नाही, आता फक्त योग्य माणसासमोर ठेव.

मित्राचं. शनिवार-रविवार येणाऱ्याला निम्मे शेअर आणि नोकरी सोडून बसलेल्याला पण निम्मे? दोस्ती तुटायची असेल तर खुशाल कर. बाहेर साधारण रीत अशी की शेअर चार वर्षांत हळूहळू मिळतात, पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय एक पण नाही, आणि मध्येच सोडलं तर उरलेले परत. हे कागदावर लिही आणि त्याला वाचायला दे. तो "एवढा विश्वास नाही काय" म्हणाला तर सांग की विश्वास आहे म्हणूनच आत्ता बोलालोय, भांडण झाल्यावर कोण लिहून देतंय.

शिफ्ट व्हायचं तर कशाला व्हायचं? तुझं गिऱ्हाईक उद्यमबाग, मच्छे, होनग्यात आहे, हायवेनं वर गेलास की कोल्हापूरला गोकुळ शिरगाव, शिरोली, तिथं पण फौंड्री आणि तेच चलन बुक. त्यापुढं राजकोट, कोईमतूर. बेंगळुरात तुला पोरं मिळतील कोडिंगची, गिऱ्हाईक नाही. सरकारी पैसे बघायचे असतील तर कर्नाटकाचं एलिव्हेट आहे, त्यात ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि शेअर द्यावे लागत नाहीत, बेंगळूरबाहेरच्यांसाठी हुबळी-धारवाड-बेळगाव असा गट पण सरकारनं धरलाय. हुबळीत नव्या स्टार्टअपना मदत करणारे देशपांडे स्टार्टअप्सवाले आहेत, तिथं एकदा जाऊन बस, पैशापेक्षा तुझ्यासारखीच डोकं खाजवणारी माणसं भेटतील. पण अनुदानाच्या फॉर्ममागं सहा-सहा महिने लागलेली पोरं पण बघितलीत, गिऱ्हाइकाकडं जायचंच विसरतात.

थर्ड_इयर_सीएस

दादा, मी पण असंच एक ॲप करालोय. प्ले स्टोअरवर नवीन पर्सनल अकाउंटला १२ टेस्टर १४ दिवस लागतात म्हणे, माझ्या वर्गातली पोरं दोन दिवसांत काढून टाकतात. तुम्ही कसं केलं?

वडगावकर_८९

@थर्ड_इयर_सीएस मी प्ले स्टोअरच्या नादाला लागलोच नाही, वेब लिंक आहे, क्रोममध्ये उघडते, होम स्क्रीनवर ठेवता येते.

कडोलीची_सून

वेब लिंक बरी केलीत भाऊ. आम्ही कडोली आणि आसपासच्या शेतकऱ्यांची भाजी गोव्याच्या हॉटेलांना पाठवतो, मी आणि माझे मिस्टर. टेम्पो मध्यरात्री चोर्ला घाटानं निघतो, सकाळी तिकडं. उद्या कुणाकडनं किती वांगी, किती फ्लॉवर हे आदल्या दिवशी चारपर्यंत कळावं म्हणून एकाकडनं ॲप करून घेतलं होतं, दिसायला देखणं. शेतकऱ्यांच्या घरी जाऊन टाकायला लागले तर फोनमध्ये जागाच नाही. भजनं, नातवंडांचे व्हिडिओ, गुड मॉर्निंगचे फोटो, एका आजोबांच्या फोनात तर गेल्या तीन यात्रांचे फोटो. मी काय म्हणणार, नातवाचा व्हिडिओ काढा आणि माझं ॲप ठेवा?

शेवटी जे चाललं ते असं, शेतकरी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतो, "वांगी दोन पोती, उद्या नाही परवा", आणि आमच्याकडं एक मुलगी ते ऐकून शीटमध्ये भरते. कोडिंगवाला म्हणाला हे काय टेक्नॉलॉजी आहे का, माणूस बसवलाय. म्हटलं असू दे, तिच्यामुळं आम्हाला कळलं की लोक नेमकं काय बोलतात. दर काय लागला हे विचारणारे मेसेज माल सांगणाऱ्यांपेक्षा जास्त होते! म्हणून आता गाडी उतरली की दर आपोआप जातो, तेवढंच एक काम मशीनला दिलंय. बाकी माणूसच.

एक बारीक गोष्ट, एसएमएस पाठवत असाल तर. इंग्लिश अक्षरांत १६० अक्षरांचा एक मेसेज धरतात, मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिलं की ७० अक्षरांतच एक संपतो. "आपला माल मिळाला, हिशोब उद्या पाठवतो, धन्यवाद" एवढं लिहून खाली कंपनीचं लांबलचक नाव टाकलं की दोन मेसेजचे पैसे. आणि त्याचा मजकूर आधी डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) मंजूर करून घ्यावा लागतो, एक शब्द बदलला की परत मंजुरी. धन्यवाद काढून टाकलं आम्ही.

जादा काम मागणाऱ्यांना एकच विचारा, ह्याचे वेगळे किती देणार. आमच्या हॉटेलवाल्यांना कोथिंबीर निवडून, मुळं कापून पाहिजे होती, किलोला जादा सांगितल्यावर अर्ध्यांना मुळांसकट चालायला लागली.

वडगावकर_८९

सगळ्यांचे आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काकांचं वाचून थेट शेडमध्येच जाऊन बसलो होतो. डायरीचं तंतोतंत खरं आहे. मामांच्या स्टोअरच्या पोराकडं वही आहे, आणि त्याच्या वहीत माझ्या ॲपपेक्षा जास्त माहिती आहे. कुठल्या हीटचं (ओतकामाच्या घाण्याचं) कास्टिंग, टेम्पोवाला कोण, समोर कुणी उतरवून घेतलं, सगळं. मी त्याला म्हटलं हे ॲपमध्ये का नाही टाकत, तर म्हणाला तिथं जागाच नाही की. इंग्लिशचं पण बरोबर, आता कन्नड-मराठी दोन्ही करालोय, हजेरी आणि शिफ्ट रिपोर्ट बंद केले, एकजण चिडला, बाकीच्यांना कळलं पण नाही.

ताई, तुमच्या सांगण्यावरनं मामांच्या एका मोठ्या पार्टीच्या अकाउंट्समध्ये जाऊन आलो. मी शिल्लकेचा स्क्रीन दाखवला, त्यांनी मान हलवली. मग वर्षाच्या आत न आलेल्या मालाची यादी काढून दाखवली, त्यांनी खुर्ची पुढं घेतली. बुऱ्याचं विचारलं तेव्हा मात्र माझ्याकडं काहीच नव्हतं. एक प्रश्न, एका जॉबवर्करकडनं माल परस्पर दुसऱ्याकडं गेला तर आयटीसी-०४ मध्ये ते कसं दाखवायचं?

मित्राला चार वर्षांचं लिहून पाठवलंय, निळी टिक आलीय, उत्तर नाही अजून.

टिळकवाडी_सीए

परस्पर गेलेल्याचा वेगळा तक्ता आहे त्यात. मूळ चलनाचा नंबर पुढच्या चलनावर यायलाच पाहिजे, म्हणजे तुमच्या ॲपमध्ये दुसरं चलन करताना पहिलं निवडायला लावा, मोकळं सोडू देऊ नका. एकदा ऑफिसला या, मागच्या वर्षीचा नमुना नावं खोडून दाखवते. आमच्या आर्टिकलच्या मुलांना पण बसवा समोर, त्यांना काय नको ते तेच चांगलं सांगतील.

उद्यमबाग_जुनं_खोड

माझ्याकडं पण ये, सकाळी ये, दुपारी मी झोपतो. वर्षाचे १२ हजार देतो, आधी देतो. पण चलन बुक मार्चपर्यंत चालू ठेवणार, दोन्हीकडं आकडा जुळला तर पुढं बघू.

वडगावकर_८९

काका १५, आणि बुक खुशाल ठेवा. पण पोराला दोन्हीकडं लिहायला लावू नका, बुकाचा फोटो काढला की चालेल असं करून देतो.

उद्यमबाग_जुनं_खोड

१३. आणि पोराला तूच शिकवायचं, माझं तो ऐकत नाही.

मच्छे_प्लेटिंग

हे आम्हा प्लेटिंगवाल्यांना चालेल काय? आमचा हिशोब किलोवर असतो, नग मोजत बसायला वेळ नाही, एका ड्रममध्ये तीन पार्ट्यांचा माल एकदम जातो.

वडगावकर_८९

@मच्छे_प्लेटिंग सध्या नाही चालत, खरं सांगतो. किलोचं करायला महिनाभर लागेल. तुमच्यासारखे आणखी दोघं-तिघं वर्षाचे आधी द्यायला तयार असतील तर हात घालतो. तीन पार्ट्यांचा माल ड्रममधनं काढल्यावर वेगळा कसा करता ते एकदा येऊन बघू का?

मच्छे_प्लेटिंग

या की. जुनी चप्पल घालून या, खाली ॲसिड असतंय.